तीन तास की साडेचार? पक्षाघाताच्या औषधचाचण्या आणि समतोल गटांचा प्रश्न

मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने (एफडीए) टेनेक्टेप्लेस या औषधाला पक्षाघातावरील उपचारासाठी मान्यता दिली. मेंदूतील रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी विरघळवण्यासाठी १९९६ मध्ये अल्टेप्लेसला मान्यता मिळाली होती. त्यानंतर जवळजवळ तीन दशकांनी अमेरिकेत या आजारासाठी असे दुसरे औषध अधिकृतपणे उपलब्ध झाले. या मान्यतेतील एक आकडा मात्र जुनाच राहिला. लक्षणे सुरू झाल्यापासून तीन तासांच्या आत हे औषध द्यावे, असे लेबल सांगते. ज्या कॅनेडियन चाचणीच्या आधारे ही मान्यता मिळाली, तिच्यात साडेचार तासांपर्यंत रुग्णालयात पोहोचलेले रुग्ण होते. युरोपात अल्टेप्लेस साडेचार तासांपर्यंत देण्यास नियामकांची परवानगी आहे. अमेरिकन हार्ट असोसिएशनची मार्गदर्शक तत्त्वेही तीच मुदत ग्राह्य धरतात. परिणामी, अमेरिकेतील डॉक्टर चौथ्या तासाला हे उपचार करतात ते व्यावसायिक मार्गदर्शनानुसार, पण परवान्याच्या चौकटीबाहेर.

या दीड तासाच्या फरकामागे अनेक गोष्टी आहेत. त्यांतील एक अशी, की तिची चर्चा संख्याशास्त्रज्ञांच्या वर्तुळाबाहेर क्वचितच होते. चाचणीत औषध मिळालेला गट आणि न मिळालेला गट मुळात सारखे होते का, हा तो प्रश्न. पक्षाघातावरील गुठळीनाशक औषधांचा इतिहास पाहिला, तर या एका प्रश्नाने किती वर्षे वाद धुमसत ठेवला आणि त्यातूनच चाचण्यांची रचना कशी सुधारत गेली, हे स्पष्ट होते.

यादृच्छिक वाटप काय देते आणि काय देत नाही

नव्या औषधाची परीक्षा घेताना रुग्णांची दोन गटांत विभागणी डॉक्टरांच्या मर्जीने न करता यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे नाणेफेकीसारख्या निव्वळ योगायोगावर सोपवून केली जाते. डॉक्टरांनी निवड केली, तर नकळतही सुदृढ रुग्णांना नवे औषध आणि खंगलेल्यांना जुने, असे घडू शकते. मग औषधाचा गुण कोणता आणि रुग्णाच्या मूळ प्रकृतीचा कोणता, हे वेगळे काढणे अशक्य होते. योगायोगाला मर्जी नसते, हीच त्याची थोरवी.

पण योगायोग निःपक्षपाती असला, तरी तो प्रत्येक वेळी समसमान वाटणी करतोच असे नाही. एका चाचणीत ४० रुग्ण आहेत आणि त्यांपैकी २० जणांचा आजार गंभीर आहे, असे समजा. २०-२० जणांचे दोन गट यादृच्छिक पद्धतीने पाडले, तर गंभीर रुग्णांची वाटणी १३ विरुद्ध ७ किंवा त्याहूनही विषम होण्याची शक्यता साधारण नवांत एक असते. चारशे रुग्ण असतील, तर त्याच प्रमाणातील विषमता जवळजवळ अशक्य ठरते. मोठी संख्या हा असमतोलावरचा पहिला उपाय आहे, तो यामुळेच. मात्र मोठ्या चाचणीतही वय, रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान अशी परस्परांशी संबंध नसलेली वीस वैशिष्ट्ये तपासली, तर त्यांपैकी किमान एकात तरी सांख्यिकीयदृष्ट्या ‘लक्षणीय’ फरक दिसण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के असते. तो फरक निव्वळ योगायोगाचा असतो. म्हणूनच चाचण्यांचे अहवाल कसे लिहावेत हे सांगणारी ‘कन्सॉर्ट’ ही आंतरराष्ट्रीय नियमावली सुरुवातीच्या वैशिष्ट्यांवर अशा लक्षणीयतेच्या कसोट्या लावू नयेत, असे बजावते.

महत्त्वाचे असते ते हे, की असमतोल कोणत्या वैशिष्ट्यात आहे. डोळ्यांच्या रंगात दोन गट वेगळे निघाले, तर काही बिघडत नाही. आजाराच्या तीव्रतेत वेगळे निघाले, तर सगळा निष्कर्ष डळमळू शकतो. हे भान प्रारंभापासून होते. १९४८ मध्ये ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने प्रसिद्ध केलेली क्षयरोगावरील स्ट्रेप्टोमायसिनची चाचणी आधुनिक यादृच्छिक चाचण्यांची जननी मानली जाते. १०७ रुग्णांच्या त्या चाचणीतही ब्रॅडफर्ड हिल यांनी यादृच्छिक संख्यांच्या याद्या प्रत्येक केंद्रासाठी आणि स्त्री-पुरुषांसाठी स्वतंत्र केल्या होत्या.

१९९५: वेळेचा समतोल साधला, तीव्रतेचा निसटला

अल्टेप्लेसची निर्णायक अमेरिकन चाचणी एनआयएनडीएस या राष्ट्रीय मज्जासंस्था संशोधन संस्थेने घेतली. तिचे निष्कर्ष डिसेंबर १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले. एकूण ६२४ रुग्ण दोन टप्प्यांत सहभागी झाले. पक्षाघातात मिनिटामिनिटाला मेंदूच्या पेशी मरतात. त्यामुळे संशोधकांनी रुग्णांचे आधीच दोन स्तर केले. पहिल्या ९० मिनिटांत उपचार मिळालेले एका स्तरात, तर ९१ ते १८० मिनिटांत मिळालेले दुसऱ्या स्तरात. प्रत्येक केंद्रावर आणि प्रत्येक स्तरात वाटप वेगळे झाले. निष्कर्ष उत्साहवर्धक होता. तीन महिन्यांनंतर अपंगत्व अत्यल्प किंवा अजिबात न उरण्याची शक्यता औषध मिळालेल्यांत किमान ३० टक्क्यांनी अधिक होती. त्याची किंमतही स्पष्ट होती. पहिल्या ३६ तासांत लक्षणांसह मेंदूत रक्तस्राव होण्याचे प्रमाण औषधगटात ६.४ टक्के होते, तर औषधविरहित द्रव, म्हणजे प्लासिबो, मिळालेल्या गटात ०.६ टक्के.

एवढी जोखीम असलेल्या औषधाचा फायदा खरा आहे ना, याची खातरजमा करताना टीकाकारांचे लक्ष एका तपशिलाकडे गेले. ९१ ते १८० मिनिटांच्या स्तरात अगदी सौम्य पक्षाघात झालेले रुग्ण औषधगटात सुमारे १९ टक्के होते, तर प्लासिबो गटात अवघे ४ टक्के. सौम्य झटका आलेला रुग्ण औषधाविनाही बरा होण्याची शक्यता अधिक असते. मग श्रेय कोणाचे, औषधाचे की वाटपाचे? वेळेनुसार स्तर केले होते, तीव्रतेनुसार नव्हते, आणि नेमकी तिथेच योगायोगाने विषमता आणली होती. आपत्कालीन विभागांत काम करणाऱ्या डॉक्टरांच्या एका मोठ्या वर्गाने या मुद्द्यावर औषधाविषयी उघड शंका घेतली. शंकेचे पर्यवसान रुग्णांना उपचार न मिळण्यात होऊ शकत होते, त्यामुळे हा वाद केवळ विद्वानांपुरता राहिला नाही.

अखेर स्वतंत्र तज्ज्ञांच्या समितीने मूळ विदा पुन्हा तपासली आणि २००४ मध्ये अहवाल दिला. सुरुवातीच्या तीव्रतेतील तफावत हिशेबात घेऊनही औषधाचा फायदा टिकून राहिला होता. चांगल्या परिणामाचे समायोजित ‘शक्यता-गुणोत्तर’ २.१ निघाले. निष्कर्ष वाचला, पण तो वाचवण्यासाठी नऊ वर्षे गेली. वाटपाच्या वेळीच तीव्रतेची दखल घेतली असती, तर या वादाचा एक मोठा आधारच नाहीसा झाला असता.

२००८: एकाच विदेतून दोन उत्तरे

मुदत तीन तासांवरून साडेचार तासांपर्यंत वाढवण्याचा मुख्य आधार ठरली ती युरोपातील ‘एकास-३’ ही चाचणी. १९ देशांतील १३० केंद्रांवर ८२१ रुग्ण, असे तिचे स्वरूप होते. म्हणजे प्रत्येक केंद्रावर सरासरी सहा. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार औषधगटातील ५२.४ टक्के आणि प्लासिबो गटातील ४५.२ टक्के रुग्ण चांगले बरे झाले. फरक सांख्यिकीयदृष्ट्या लक्षणीय होता, पण जेमतेम.

इथेही गट सारखे नव्हते. याआधी पक्षाघात होऊन गेलेले रुग्ण औषधगटात ७.७ टक्के, तर प्लासिबो गटात १४.१ टक्के होते. तीव्रतेच्या मापनश्रेणीवर औषधगटाची सरासरी १०.७ होती, तर प्लासिबो गटाची ११.६. या श्रेणीत आकडा जितका मोठा तितका आजार गंभीर. दोन्ही बाबतींत पारडे औषधाच्या बाजूला झुकलेले होते. मूळ संशोधकांनी काही वैशिष्ट्यांचे समायोजन करून फायदा टिकतो, असे दाखवले होते. २०२० मध्ये दुसऱ्या संशोधकांनी तीच विदा घेऊन, आधीच्या पक्षाघातासह तफावतींचे वेगळ्या प्रकारे समायोजन केले. त्यांच्या विश्लेषणात फायदा लक्षणीय राहिला नाही.

विदा तीच, रुग्ण तेच. उत्तरे दोन. कारण कोणत्या वैशिष्ट्यांचा हिशेब करायचा, हा निर्णय निकाल हाती आल्यानंतर घेता येत होता. यात कोणाच्या हेतूवर संशय घेण्याची गरज नाही. निकाल डोळ्यांसमोर असताना केलेली कोणतीही निवड वादग्रस्तच ठरते, मग ती औषधाच्या बाजूची असो वा विरोधातली. साडेचार तासांच्या मुदतीला बळ मिळाले ते पुढे अनेक चाचण्या एकत्र केल्यावर. नऊ चाचण्यांतील ६,७५६ रुग्णांच्या २०१४ मधील विश्लेषणात तीन ते साडेचार तासांच्या टप्प्यात औषधगटातील ३५.३ टक्के, तर तुलनेच्या गटातील ३०.१ टक्के रुग्णांचा परिणाम चांगला होता. एका चाचणीतील योगायोगाची वाकडी चाल अनेक चाचण्यांच्या बेरजेत बरीचशी सरळ होते. अमेरिकेतील परवाना मात्र तीन तासांवरच राहिला.

समतोल साधण्याच्या रीती आणि त्यांची किंमत

वाटपाच्या वेळीच समतोल साधण्याची सर्वांत परिचित रीत म्हणजे स्तरीकरण. रुग्णांचे आधी महत्त्वाच्या वैशिष्ट्यांनुसार कप्पे करायचे आणि प्रत्येक कप्प्यात यादृच्छिक पण समसमान वाटप करायचे. कप्पे थोडे असतील तोवर हे उत्तम चालते. पण २२ केंद्रे, तीव्रतेच्या तीन पायऱ्या, वयाचे दोन गट आणि वेळेचे दोन टप्पे घेतले, की २६४ कप्पे होतात. १,६०० रुग्ण त्यांत विभागले, तर कप्प्यामागे सरासरी सहाच येतात. अनेक कप्पे अर्धवट राहतात आणि ज्यासाठी खटाटोप केला तो समतोलच हातचा जातो.

दुसरी रीत १९७४ मध्ये टेव्हिस यांनी, आणि १९७५ मध्ये पोकॉक व सायमन यांनी अधिक व्यापक स्वरूपात मांडली. तिला मिनिमायझेशन म्हणतात. नवा रुग्ण आला, की तो कोणत्या गटात गेल्यास एकूण तफावत कमी होईल हे संगणक मोजतो आणि त्या गटाला झुकते माप देतो. सत्तर वर्षांची, तीव्र झटका आलेली, अडीच तासांनी पोहोचलेली महिला दाखल झाली, तर वय, तीव्रता आणि वेळ या प्रत्येक निकषावर आतापर्यंतची बेरीज पाहून तिचे स्थान ठरते. कप्पे पाडावे लागत नाहीत, त्यामुळे अनेक वैशिष्ट्ये एकाच वेळी सांभाळता येतात. अल्टेप्लेसची एक मोठी चाचणी, १२ देशांतील ३,०३५ रुग्णांची ‘आयएसटी-३’, याच रीतीने झाली. तिचा प्रमुख निष्कर्ष मात्र लक्षणीय ठरला नाही. जिवंत व स्वावलंबी राहिलेले रुग्ण औषधगटात ३७ टक्के आणि तुलनेच्या गटात ३५ टक्के होते. समतोल गट प्रश्न स्वच्छ करतात, उत्तर मनासारखे देण्याची हमी देत नाहीत.

या रीतींची एक किंमत आहे. समतोल जितका काटेकोर, तितके पुढचे वाटप ओळखणे सोपे. चार-चार रुग्णांच्या संचात दोघांना नवे आणि दोघांना जुने औषध द्यायचे असेल, तर पहिल्या तिघांचे औषध माहीत असलेल्या डॉक्टरला चौथ्याचे आपोआप कळते. मग एखाद्या नाजूक रुग्णाला त्या वेळी चाचणीत घ्यायचे की नाही, हा निर्णय नकळत प्रभावित होतो. दारातून बाहेर काढलेली मर्जी खिडकीतून आत येते. नियामक मिनिमायझेशनकडे दीर्घकाळ साशंकतेने पाहत आले, त्यामागे ही भीतीही होती. युरोपीय नियामकांच्या २००३ च्या टिपणात अशा पद्धतींविषयी कडक नापसंती होती. २०१५ च्या मार्गदर्शिकेत तो सूर बराच सौम्य झाला.

या पेचातून मार्ग काढण्याचा एक प्रयत्न पक्षाघाताच्याच क्षेत्रातून आला. २०१२ मध्ये वेनले झाओ आणि सहकाऱ्यांनी ‘किमान पुरेसा समतोल’ ही रीत सुचवली. तिचे तत्त्व सोपे आहे. गटांतील तफावत सुसह्य मर्यादेत असेल, तोवर निव्वळ नाणेफेक चालू ठेवायची. तफावत ठरलेली मर्यादा ओलांडू लागली, तरच नाण्याला किंचित कल द्यायचा. परिपूर्ण समतोलाचा हट्ट सोडला, की अनिश्चितताही टिकते आणि घातक विषमताही टळते.

टेनेक्टेप्लेसची ‘अ‍ॅक्ट’ ही कॅनेडियन चाचणी, जिच्या आधारे २०२५ ची मान्यता मिळाली, हीच रीत वापरून केंद्रनिहाय समतोल साधत झाली. २२ केंद्रांवरील १,६०० रुग्णांच्या या चाचणीत कोणाला कोणते औषध दिले हे डॉक्टरांना माहीत होते, केवळ परिणामांचे मूल्यमापन करणाऱ्यांना माहीत नव्हते. अशा खुल्या चाचणीत पुढचे वाटप ओळखता न येणे किती आवश्यक असते, हे वेगळे सांगायला नको. निष्कर्षात टेनेक्टेप्लेस गटातील ३६.९ टक्के, तर अल्टेप्लेस गटातील ३४.८ टक्के रुग्ण उत्तम बरे झाले. नवे औषध जुन्याहून कमी नाही, एवढे सिद्ध करायचे होते आणि ते झाले. टेनेक्टेप्लेस एकाच इंजेक्शनमध्ये देता येते, अल्टेप्लेससारखी तासभराची सलाईन लागत नाही. त्यामुळे ‘कमी नाही’ हा निष्कर्षही आपत्कालीन विभागात मोलाचा ठरतो.

आधी ठरवा, मग उघडा

वाटप कितीही काळजीपूर्वक केले, तरी सगळी वैशिष्ट्ये तंतोतंत जुळणार नाहीत. स्टीफन सेन यांच्यासारखे संख्याशास्त्रज्ञ अनेक वर्षे एक गोष्ट सांगत आले आहेत. यादृच्छिक चाचणीची वैधता परिपूर्ण समतोलावर अवलंबून नसते. योगायोगाने येणारी तफावत त्रुटीच्या गणितात आधीच धरलेली असते. मात्र परिणामावर ज्याचा मोठा प्रभाव आहे असे वैशिष्ट्य ठाऊक असताना त्याचा विश्लेषणात समावेश न करणे म्हणजे हाती असलेली माहिती वाया घालवणे होय.

मे २०२३ मध्ये एफडीएने प्रसिद्ध केलेल्या अंतिम मार्गदर्शिकेचा गाभा हाच आहे. रोगाच्या वाटचालीशी घट्ट संबंध असलेली वैशिष्ट्ये विश्लेषणात समाविष्ट करावीत, पण ती निकाल उघडण्यापूर्वी लेखी ठरवलेली असावीत. स्तरीकरणासाठी वापरलेली वैशिष्ट्ये विश्लेषणातही धरली जावीत. युरोपीय मार्गदर्शिका याहून स्पष्ट आहे. चाचणीनंतर एखाद्या वैशिष्ट्यात तफावत दिसली, एवढ्यावरून ते मुख्य विश्लेषणात घुसवू नये, असे ती सांगते. ‘एकास-३’ चा वाद समोर ठेवला, की या नियमामागची निकड कळते. न्यूजर्सीपासून पुण्यापर्यंत औषधकंपन्यांसाठी चाचण्यांची विदा हाताळणाऱ्या संख्याशास्त्रज्ञांत आणि प्रोग्रॅमरांत मराठी मंडळींची संख्या लक्षणीय आहे. विश्लेषणाचा आराखडा गोठवण्याची तारीख ही त्यांच्यासाठी नुसती कार्यालयीन औपचारिकता नाही. पुढच्या दहा वर्षांचा वाद टाळण्याची ती एकमेव संधी असते.

समतोल म्हणजे प्रातिनिधिकता नव्हे

एका गैरसमजापासून सावध राहायला हवे. दोन गट एकमेकांसारखे असले, म्हणजे ते सर्व रुग्णांसारखे आहेत असे होत नाही. कॅनडातील गट परस्परांशी समतोल असले, तरी ते नाशिक किंवा कोल्हापूरच्या रुग्णालयात येणाऱ्या रुग्णांचे प्रतिनिधी ठरतीलच असे नाही. कवटीच्या आतील धमन्या अरुंद झाल्याने होणारा पक्षाघात आशियाई लोकांत युरोपीय वंशाच्या लोकांपेक्षा अधिक आढळतो, हे सुविदित आहे.

भारताच्या संदर्भात हा मुद्दा आता अधिक तातडीचा आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये भारतीय औषध नियंत्रकांनी अमेरिका, ब्रिटन, युरोपीय महासंघ, जपान, ऑस्ट्रेलिया आणि कॅनडा येथे मंजूर झालेल्या ठरावीक प्रकारच्या औषधांना देशांतर्गत चाचणीतून सूट दिली. दुर्मीळ आजारांवरील औषधे लवकर पोहोचावीत यासाठी हे पाऊल समजण्यासारखे आहे. पण परदेशी चाचणी अंतर्गत समतोलाच्या कसोटीला उतरली, एवढ्याने ती भारतीय रुग्णांना लागू होते का, या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. टेनेक्टेप्लेसच्या बाबतीत तर वेगळेच घडले आहे. पुण्याच्या जेनोव्हा बायोफार्मास्युटिकल्सचे टेनेक्टेप्लेस भारतात पक्षाघातासाठी अमेरिकेतील मान्यतेच्या आधीपासून वापरात आहे. त्या रुग्णांच्या नोंदी पद्धतशीरपणे अभ्यासल्या गेल्या, तर कॅनडातील चाचणी जे सांगू शकत नाही, त्यातील काही भाग त्या सांगू शकतील. अर्थात, अशा नोंदींत यादृच्छिक वाटप नसते. तिथे गटांच्या सारखेपणाचा प्रश्न अधिकच कठीण होतो, हेही विसरता येणार नाही.

पुढील काळात नव्या औषधाच्या बातमीत ‘इतक्या टक्के रुग्णांना गुण आला’ हे वाक्य वाचताना जाणकार वाचकाने तीन गोष्टी पाहाव्यात. परिणामावर सर्वाधिक प्रभाव असलेली दोन-चार वैशिष्ट्ये कोणती आणि वाटपाच्या वेळी त्यांची दखल घेतली होती का? पुढचे वाटप कोणाला ओळखता येण्याजोगे होते का? आणि विश्लेषणात कशाचा हिशेब करायचा, हे निकालापूर्वी ठरले होते का? १९९५ च्या चाचणीला पहिल्या प्रश्नाचे पुरते उत्तर देता आले नाही, २००८ च्या चाचणीला तिसऱ्याचे. दोन्ही औषधांच्या अमेरिकन लेबलवरचा आकडा आजही तीन तासच आहे. तिथला डॉक्टर चौथ्या तासाला सिरिंज हातात घेतो, तेव्हा त्याच्यामागे मार्गदर्शक तत्त्वे असतात, परवाना नसतो.